मदत हवी आहे: सोलापूरहून मसुरी, सोबत गुडघेदुखीची आई आणि गाडी लागणारी मुलगी

घरकुल_५
मे महिन्यात आठवडाभर मसुरीला जायचं घाटतंय. आम्ही पाच जण: मी, बायको, वडील (७२), आई (६८) आणि मुलगी (९). आईला सलग दहा-पंधरा पायऱ्या जमतात, त्यापुढे गुडघे बोलायला लागतात. वडिलांना बीपीची गोळी चालू आहे. मुलीला बार्शीच्या एसटीतसुद्धा गाडी लागते. १० मे, रविवारी निघायचं, विमान नको.

विचारायचं ते असं. रेल्वेने कसं जावं? मसुरीत मुक्काम नेमका कुठल्या भागात करावा? आईला काय झेपेल आणि काय सरळ सोडून द्यावं? घाटात मुलीचं काय करायचं? आणि वडिलांना एवढ्या उंचीवर त्रास होईल का?

सातरस्ता
आधी तिकिटाचं बघा. हॉटेल नंतरही मिळेल.

कर्नाटक एक्सप्रेस धरा. सकाळी सोलापूर, मग अहिल्यानगर, मनमाड, भुसावळ, भोपाळ करत दुसऱ्या दिवशी सकाळी नवी दिल्ली. साधारण २५ तास. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं हे सगळ्यांना ठाऊक असतं, तरी आपल्याकडची माणसं इथे एका दिवसाने हुकतात. ते ६० दिवस गाडी जिथून सुटते तिथल्या तारखेपासून मोजतात. ही गाडी बंगळूरूहून आदल्या संध्याकाळी निघते. म्हणजे १० मेला सोलापुरात येणारी गाडी रेल्वेच्या हिशेबात ९ मेची. तिचं बुकिंग १० मार्चला सकाळी ८ वाजता उघडणार, ११ ला नाही. सुट्टीच्या दिवसांत हा एक दिवस म्हणजे खात्रीची जागा आणि वेटिंग यांतला फरक.

दुसरं, पाच जणांचं एकच तिकीट काढू नका. खालच्या बर्थचा ज्येष्ठांचा कोटा पुरुषांना ६० आणि बायकांना ४५ वर्षांपासून आहे, पण तिकिटावर एक किंवा दोनच प्रवासी असतील आणि दोघंही त्या वयात बसत असतील तरच तो लागू होतो. तिसरं नाव घातलं की कोटा गेला, मग आईच्या नशिबी वरचा बर्थही येऊ शकतो. आई-वडिलांचं तिकीट वेगळं आणि आधी काढा. त्यांना जो डबा मिळेल त्याचा नंबर तुमच्या तिघांच्या तिकिटावर पसंतीच्या डब्याच्या रकान्यात टाका. ज्येष्ठांची भाड्यातली सवलत मार्च २०२० पासून बंद आहे, ती शोधण्यात वेळ घालवू नका. मुलीला बर्थ घेतला तर पूर्ण भाडं लागेल, बर्थ नको म्हणालात तर अर्धं. २५ तासांसाठी घ्याच.

जागा संपलीच, तर सोलापूरहून मिळणारं वेटिंग बहुतेक वेळा पीक्यूडब्ल्यूएल किंवा आरएलडब्ल्यूएल, म्हणजे मधल्या स्टेशनांच्या छोट्या कोट्यातलं असतं आणि ते फार कमी सरकतं. अशा वेळी तिकीट बंगळूरूपासूनचं काढायचं आणि बोर्डिंग सोलापूर टाकायचं. भाडं बंगळूरूपासूनचं पडेल, पण मोठ्या कोट्यात शिरता येतं.

घरकुल_५
९ तारखेचं गणित डोक्यातच आलं नसतं, आभारी आहे. दिल्लीत सकाळी उतरल्यावर पुढे? देहरादूनची शताब्दी तर पहाटेच निघून गेलेली असणार.

सातरस्ता
दोन रस्ते आहेत. दुपारी सव्वातीनच्या सुमारास नवी दिल्लीहूनच देहरादून जनशताब्दी निघते आणि रात्री नऊच्या आसपास पोचवते. नाहीतर रात्री बाराच्या आत-बाहेर नंदादेवी एक्सप्रेस, ती पहाटे पोचवते. तुमच्यासाठी जनशताब्दी. कर्नाटक तीन-चार तास उशिरा आली तरी ती हातची जात नाही. रात्री देहरादूनला स्टेशनजवळ झोपायचं आणि घाट सकाळी, झोप झाल्यावर चढायचा. नंदादेवीने गेलात तर अर्धवट झोपेत, रिकाम्या पोटी पोर थेट वळणांच्या रस्त्याला लागेल. हॉटेलची खोलीही दुपारशिवाय ताब्यात मिळत नाही.

जनशताब्दी दिल्लीहूनच सुटते, म्हणून ११ मेच्या गाडीचं बुकिंग १२ मार्चला. कर्नाटक आणि जनशताब्दीचे पीएनआर एकमेकांना जोडून ठेवा, दोन्हीकडे नावं आणि वयं तंतोतंत तीच हवीत. पहिल्या गाडीच्या उशिरामुळे दुसरी चुकली, तर न केलेल्या प्रवासाचे पैसे कापाकापी न होता परत मिळतात. न जोडता चुकली तर ती तुमची चूक धरतात.

मधले पाच-सहा तास दिल्ली दर्शनाचा नाद करू नका. तिथेही ४०-४२ असतं. एसी वेटिंग रूम किंवा पैसे देऊन मिळणारं लाउंज, दोन्ही स्टेशनातच आहे.

ज्वारीभाकर
मसुरी कशाला? नैनितालला तळ्याकाठी सपाट फिरता येतं, गुडघ्यांना तेच बरं की हो.

डोंगरवाट
मुद्दा बरोबर आहे. तळ्याकाठचा माल रोड गुडघ्यांना सोपाच. पण काठगोदामची रात्रीची राणीखेत एक्सप्रेस जुन्या दिल्लीहून सुटते, म्हणजे सामान आणि म्हातारी माणसं घेऊन स्टेशन बदला, आणि पहाटे उतरून पुन्हा ३५ किलोमीटर घाट आहेच. मसुरीतही सपाट रस्ता आहे, फक्त मुक्काम योग्य टोकाला हवा. बाहेरून येणारे फसतात ते इथेच, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मसुरी डोंगराच्या धारेवर लांबट पसरली आहे. मॉल रोड सुमारे दोन किलोमीटर, म्हणजे आपल्या स्टेशनपासून सिद्धेश्वर मंदिरापर्यंत चालत जाण्याइतका. पश्चिमेचं टोक लायब्ररी, ऊर्फ गांधी चौक. पूर्वेचं टोक कुलडी आणि पिक्चर पॅलेस. देहरादून स्टेशनला लागूनच मसुरीचा बसस्टँड आहे आणि तिथून दोन वेगळ्या बस सुटतात, एक लायब्ररीची, एक पिक्चर पॅलेसची. दोन्हींवर 'मसुरी' लिहिलेलं असतं. चुकीच्या बसमध्ये बसलात तर सामानासकट दोन किलोमीटर, आणि संध्याकाळी मॉलवर गाड्यांना मज्जाव असतो. टॅक्सी ठरवतानाही हॉटेल कुठल्या टोकाला आहे ते आधी सांगा, नाहीतर भाड्यावरून मध्येच हुज्जत होते. अंतर ३५ किलोमीटर, मोकळा रस्ता असेल तर सव्वा-दीड तास. शनिवार-रविवारी दुप्पट धरा.

तुमच्यासाठी लायब्ररीचं टोक. कॅमल्स बॅक रोड तिथूनच सुरू होतो. तीन किलोमीटरचा, बऱ्यापैकी सपाट, डोंगराच्या उत्तर अंगाने जाणारा, जागोजाग बाकं, गाड्या कमी. दुसरं टोक कुलडीत निघतं. आईंना अर्ध्यापर्यंत नेऊन परत आणलं तरी दिवस सार्थकी लागला. मॉलवर सायकलरिक्षा मिळते.

आता हॉटेल. फोटो बघून ठरवू नका, फोन करून तीन गोष्टी विचारा. गाडी दारापर्यंत येते का? गाडीपासून खोलीच्या दारापर्यंत पायऱ्या किती, आकडा सांगा. लिफ्ट असेल तर ती खोलीच्या मजल्यावर थांबते का? मसुरीतली इमारत उतारावर असते. रिसेप्शन रस्त्याला लागून आणि खोल्या तीन मजले खाली, हे तिथे नेहमीचं. 'मॉलपासून दोन मिनिटं' याचा अर्थ बहुतेक वेळा साठ-सत्तर पायऱ्या. 'थोड्याच आहेत' असं उत्तर आलं की फोन ठेवा. मे महिन्यात तिथे पाण्याची ओढ असते, गरम पाणी ठराविक वेळेतच मिळतं. पाणी यायचा दिवस बघून कपडे भिजवणाऱ्या सोलापूरकराला ते काही जड जाणार नाही.

अजून एक. ऑगस्ट २०२५ पासून मसुरीला जाणाऱ्या पर्यटकांनी उत्तराखंड पर्यटन खात्याच्या संकेतस्थळावर नोंदणी करायची आहे. मोबाइलवर ओटीपी येतो, पाच मिनिटांचं काम. ते सोलापुरातूनच उरका.

गोळी_आणि_पाणी
मुलीबद्दल. गाडी लागते कारण डोळे सांगतात आपण स्थिर आहोत आणि कानातला तोल सांभाळणारा भाग सांगतो आपण गरगर फिरतोय. म्हणून घाट सुरू झाला की मोबाइल आणि पुस्तक बंद. पुढच्या सीटवर मोठ्या माणसाशेजारी खिडकीकडे बसवा, नजर लांबच्या रस्त्यावर ठेवायला सांगा, काच चार बोटं उघडी ठेवा. उपाशी नेऊ नका आणि पोट गच्चही नको. निघण्याआधी तासभर पोळी किंवा सुकी भाकरी चालेल, दूध आणि तळलेलं नको. देहरादूनपासून राजपूरपर्यंत रस्ता सरळच आहे, वळणं त्यानंतर. त्याआधी एकदा थांबून घ्या.

उलटीची गोळी मुलीच्या वजनाप्रमाणे डॉक्टरांकडून सोलापुरातच लिहून घ्या. निघण्यापूर्वी अर्धा ते एक तास द्यायची असते. उलटी सुरू झाल्यावर दिलेली गोळी पोटात राहतच नाही. या गोळ्यांनी झोप येते, तेव्हा चढल्या दिवशी दुपारी काही ठरवू नका.

वडिलांबद्दल. मसुरी साधारण २००० मीटरवर आहे. विरळ हवेचा खरा त्रास बहुधा २५०० मीटरच्या वर सुरू होतो, त्यामुळे डायमॉक्सची, म्हणजे उंचीच्या त्रासावरच्या गोळीची, गरज नाही. कुणी व्हॉट्सअॅपवर सांगितलं म्हणून देऊ नका. चढावर दम मात्र लवकर लागेल. बीपीच्या गोळ्या दिवसांपेक्षा चार जास्त घ्या, आणि त्या मोठ्या बॅगेत नको, हातातल्या पिशवीत.

घरकुल_५
आता बघायचं काय? केम्प्टी धबधबा सगळेच सांगतात.

डोंगरवाट
सगळे सांगतात म्हणूनच मे महिन्यात तिथे पाणी कमी आणि माणसं जास्त. पंधरा किलोमीटर उतरून जायचं, रस्त्यात गाड्यांची रांग, मग दुकानांच्या बोळातून पायऱ्या. तिथे रोपवे आहे, पण तुमच्या घरच्यांसाठी मी केम्प्टी सरळ खोडून टाकीन.

गन हिलचा रोपवे मॉलवरूनच निघतो, जेमतेम ४०० मीटरचा. मुलगी खूश. १९१९ पर्यंत तिथून दुपारी बाराची तोफ उडायची, त्यावरून नाव पडलं. मसुरीला लागून वरच्या अंगाला असलेल्या लंढौरला टॅक्सीने 'चार दुकान' आणि 'लाल टिब्बा' ही दोन ठिकाणं करा, सकाळी आठच्या आत. रस्ता एका गाडीपुरता, अकरानंतर समोरासमोर अडकलं की तासभर हलत नाही. हवा स्वच्छ असेल तर बंदरपूंछ आणि स्वर्गारोहिणी दिसतात. पण आताच सांगून ठेवतो, मे महिन्यात धूळ आणि वणव्यांचा धूर असतो. हिमशिखरं दिसली तर नशीब. ती बघायलाच जायचं तर ऑक्टोबर-नोव्हेंबर.

एक दिवस धनौल्टी आणि पुढे कद्दूखालला सुरकंडा देवी. पूर्वी तिथे दीड-दोन किलोमीटर खडा चढ होता. २०२२ पासून रोपवे आहे, त्यामुळे आईंनाही दर्शन घडेल. वरच्या स्टेशनापासून देवळापर्यंत थोड्या पायऱ्या उरतात, त्या बसत-बसत. देऊळ २७०० मीटरच्या वर आहे, म्हणून हा बेत पहिल्या दिवशी नको. तिसऱ्या दिवशी ठेवा.

ज्वारीभाकर
कपड्यांचं कुणी बोललंच नाही. सोलापुरी चादर तिथे पांघरायला पुरत नाही हो, सुती असते, वारा आरपार जातो. रात्री १४-१५ पर्यंत उतरतं. प्रत्येकी एक स्वेटर, म्हाताऱ्यांना कानटोपी, आणि छत्री. मे महिन्यातही दुपारनंतर गडगडून सर येते.

कडक भाकरी आणि शेंगाचटणी न्या, गाडीतल्या २५ तासांची सोय होते. पण भाकरी पत्र्याच्या घट्ट डब्यात ठेवा. धुकं आलं की दोन तासांत सादळते, मग मोडत नाही, नुसती वाकते. लोणच्याची प्लास्टिकची बरणी मात्र घरीच ठेवा. वर हवेचा दाब सोलापूरपेक्षा साधारण सहाव्या हिश्शाने कमी. सोलापुरात गच्च लावलेलं झाकण वर गेलं की तेल बाहेर ढकलतं.

घरकुल_५
बेत असा केलाय. १० ला सोलापूर, ११ ला रात्री देहरादून, १२ ते १७ मसुरी, रविवारी १७ ला दुपारी उतरायचं आणि सोमवारी दिल्लीहून कर्नाटक. बरोबर?

डोंगरवाट
रविवार दुपार सोडून काहीही. दिल्ली आणि आसपासच्या सगळ्या गाड्या त्याच वेळी खाली उतरतात, घाटातल्या कोल्हूखेतच्या नाक्यापर्यंत रांग लागते. वळणावर थांबत-थांबत जाणारी गाडी मुलीला सगळ्यात वाईट. शुक्रवारी १५ ला सकाळी उतरा, तेव्हा गर्दी समोरून वर चढत असते. दुपारी देहरादूनला विश्रांती घ्या.

सातरस्ता
म्हणजे शनिवारी १६ मेची कर्नाटक. परतीला ती दिल्लीहूनच सुटते, म्हणून इथे साधे ६० दिवस, बुकिंग १७ मार्चला. शनिवारी सकाळी देहरादूनहून वंदे भारत घ्या, दुपारच्या आत पोचते. पण ती आनंद विहारला जाते, नवी दिल्लीला नाही. तिथून मेट्रोची निळी लाइन राजीव चौकपर्यंत, मग पिवळ्या लाइनने पुढचंच स्टेशन. राजीव चौकला गर्दीत मजला बदलावा लागतो. आईंना घेऊन ते करू नका, टॅक्सी करा. कर्नाटक रात्री आठनंतर आहे, वेळ भरपूर.