थायरॉइड कमी, तरी डोळे सुजतात? आपापले अनुभव सांगा

सुदामानगर, इंदूर : नऊ वर्षांपासून थायरॉइड कमी असल्याची गोळी घेते. गेल्या हिवाळ्यात सकाळी उठलं की पापण्या जड, डोळ्यांत वाळू गेल्यासारखी खरखर. रस्त्यावरच्या धुळीला बोल लावत चार महिने ॲलर्जीचे थेंब घातले. दोन ठिकाणी ऐकलं, "असे डोळे थायरॉइड वाढलेल्यांचे होतात, तुमचा तर कमी आहे." तिसऱ्या डॉक्टरांनी टीएसएच (थायरॉइडला चालना देणारं संप्रेरक) ज्याला जाऊन चिकटतं त्या रिसेप्टरच्या अँटिबॉडी, म्हणजे शरीराने आपल्याच अंगाविरुद्ध बनवलेली प्रथिनं, तपासल्या, त्या वाढलेल्या निघाल्या. थायरॉइडमुळे होणारा डोळ्यांचा हा आजार (थायरॉइड आय डिसीज) थायरॉइड वाढलेल्यांत जास्त दिसतो हे खरं, पण आमच्यासारख्या थोड्यांनाही होतो. त्याच अँटिबॉडी डोळ्यांमागच्या चरबीला, स्नायूंना सूज आणतात. आणखी कुणाला झालंय का? मोकळेपणाने लिहा.

राजेंद्रनगर : माझ्या आईला. जिना उतरताना तिला एकाखाली एक दोन पायऱ्या दिसायच्या, खरी कोणती ते पायाने चाचपून बघायची. टीएसएच नॉर्मल, म्हणून आम्ही "वयाचं असेल" म्हणत राहिलो. त्याचं अजून वाईट वाटतं. सीटी स्कॅनमध्ये डोळ्यांचे स्नायू जाड झालेले दिसले. दोन दिसणाऱ्या प्रतिमा एक करणारा प्रिझमचा चष्मा लागल्यापासून एकटी खाली उतरते.

रामबाग : मी सिगरेट ओढायचो. हा आजार तिने बळावतो हे कळलं त्या दिवशी सोडली. शिरेतून स्टेरॉइड, आठवड्याला एक, असे 12 डोस झाले. सूज उतरली, डावी पापणी मात्र वर ओढलेलीच आहे. आजार पूर्ण शांत झाल्यावर ऑपरेशनचं बघू म्हणाले.

लोकमान्यनगर : माझं जरा नीट वाचा. पूजेला बसले होते, डावा डोळा चोळताना करंड्यातलं कुंकू एकदम विटकरी दिसलं. हात बदलून उजवा झाकला, तर लाल. पुन्हा पुन्हा करून पाहिलं. सुनेला हाक मारली, तिने त्याच दुपारी दवाखान्यात नेलं. सुजलेल्या स्नायूंनी डोळ्याची नस दाबली जात होती. रंग फिके वाटले तर उद्यावर टाकू नका गं.

सुदामानगर : काकू, अंगावर काटा आला. म्हणजे तुम्ही डावा झाकला तेव्हा फिकं दिसलं ना? आता कसं आहे?

लोकमान्यनगर : हो, चोळताना हात डाव्यावर होता, बिघाड उजव्यात. आता दोन्हींनी लाल दिसतं, उजव्याने किंचित उन्नीस. रोज पूजेआधी एकेक डोळा झाकून बघते.