पावसाळ्यात अंधारबन: सरसकट बंदी हवी की पावसाच्या आकड्यावर?

घाटवाट:
दर पावसाळ्यात पुणे जिल्ह्यातल्या धबधब्यांवर मनाईचे आदेश निघतात. ताम्हिणी घाटाजवळच्या अंधारबनासारख्या जंगलातल्या ट्रेकच्या वाटेला तारखांची बंदी नको, पावसावर ठरणारी हवी, असं माझं ठाम मत आहे. हवामान खातं पुणे घाटमाथ्याचा इशारा शहरापासून वेगळा देतं. ऑरेंज किंवा रेड असेल त्या दिवशी वाट जिथून सुरू होते त्या पिंप्री गावातच ती बंद करावी. यलो असेल तर सकाळी नऊनंतर कोणालाही सोडू नये आणि दहा जणांमागे एक स्थानिक वाटाड्या सक्तीचा असावा. पिंप्रीहून मधल्या हिर्डी गावावरून खाली भिऱ्यापर्यंत साधारण तेरा किलोमीटर, बहुतेक उतार, पण पावसात सहा-सात तास सहज जातात. उशिरा निघालेल्यांना भिऱ्याच्या उतारावर अंधार गाठतो.

कातळकडा:
विरोध. इशारा दिवसाचा असतो, ओढा तासाभरात चढतो. यलोच्या दिवशीही ६४.५ मिलिमीटरच्या वर, म्हणजे खात्याच्या भाषेत 'जोरदार' पाऊस होऊ शकतो. तो चोवीस तासांत विभागून पडला तर ओढे झेलतात. दोन तासांत कोसळला तर मात्र कातळात काहीच मुरत नाही, सगळं पाणी एकदम वाटेवर येतं. अंधारबनात ओढे एकामागोमाग आहेत. पहिला पार केला, पुढचा चढला, मागे वळेपर्यंत पहिलाही चढला, की माणसं दोन ओढ्यांच्या मधे अडकतात. तिथे मोबाइलला रेंज नाही. जुलै-ऑगस्टमध्ये सरळ बंद, सप्टेंबरनंतर खुलं, एवढं साधं ठेवा.

पौडफाटा:
कातळकडा, तुमचं ओढ्यांबद्दलचं म्हणणं बरोबर, उपाय चुकीचा. बंदी घातली की लोक घरी बसत नाहीत, ताम्हिणीच्या रस्त्याकडेच्या धबधब्यांवर उतरतात. तिथे ना वाटाड्या, ना नोंदवही. आणि जीव जातात ते बरेचदा धबधब्याखालच्या कुंडात. वरून पडणाऱ्या पाण्यात हवा इतकी मिसळलेली असते की त्या फेसात अंग नीट तरंगत नाही. पडत्या धारेजवळ पाणी माणसाला पुन्हा पुन्हा आत ओढतं. शिवाय वरून दगड येतात. पोहणाऱ्यालाही तिथे पोहणं कामी येत नाही. बंदी घालायचीच तर कुंडात उतरण्यावर घाला, बाराही महिने.

हिरवा_माळ:
मोठ्या ओढ्यांवर वनखात्याने पावसाळ्यापुरता दोर बांधून ठेवला तर निम्मा प्रश्न सुटेल ना?

कातळकडा:
नाही, उलट वाढेल. दोर दिसला की गुडघ्यावरच्या पाण्यातही लोक घुसतात. प्रवाहाला काटकोनात ताणलेल्या दोराला मधे वजन आलं की त्याचा व्ही होतो आणि माणूस नेमका धारेच्या जोरात लटकतो. दोर लावायचा तर पलीकडचं टोक खालच्या अंगाला, तिरका, म्हणजे पाणीच माणसाला काठाकडे ढकलतं. आणि दोर कमरेला बांधून ओढ्यात उतरणं तर फारच घातक, कारण पाय घसरला की ताणलेल्या दोरामुळे पाणी माणसाला खाली दाबतं. हे सगळं शिकलेल्या माणसाचं काम, कायमच्या दोराचं नव्हे.

घाटवाट:
दोराबाबत पूर्ण सहमत. म्हणूनच वाटाड्या म्हणतोय. गुडघ्यावर पाणी आलं की थांबायचं, हा नियम त्याने पाळायचा आणि पाळायला लावायचा. ओलांडताना सॅकचा कमरेचा आणि छातीचा पट्टा सोडायचा, तोंड प्रवाहाकडे, काठी वरच्या अंगाला टेकवून एका वेळी एकच पाय हलवायचा. पाणी गढूळ झालं, पालापाचोळा-काटक्या वाहू लागल्या, आवाज बदलला, की तुमच्या डोक्यावर पाऊस नसला तरी वर पडतोय. तेव्हा ओलांडणं बंद, काठापासून उंचावर जाऊन थांबायचं. पाऊस थांबला की असे छोटे ओढे बरेचदा काही तासांत उतरतात.

पौडफाटा:
पुण्याहून निघणाऱ्यांसाठी एक गोष्ट ठळकपणे सांगायला हवी. कोथरूडात काय पडतंय यावर घाट ठरवू नका. २५ जुलै २०२४ च्या सकाळपर्यंतच्या चोवीस तासांत ताम्हिणीत ५५६ मिलिमीटर नोंदले गेले, तेव्हा शिवाजीनगरला सुमारे ११४ होते. शहरात रस्ते पाण्याखाली जाण्याइतका तो पाऊस, तरी घाटाच्या जवळपास पाचव्या हिश्शाइतकाच.

कातळकडा:
हाच आकडा माझ्या बाजूने बोलतो. असा दिवस आला तर आत गेलेल्यांना कोण काढणार? स्ट्रेचर एका वेळी सहा-आठ जण उचलतात, चिखलात ते लवकर दमतात, म्हणून दुसरी-तिसरी फळी लागते. पहिली हाक हिर्डी-पिंप्रीच्या माणसांनाच जाते. त्यांच्या जिवाचा विचार धाग्यात अजून कोणी केलेला नाही.

हिरवा_माळ:
आणि त्याच माणसांचा जेवणाचा, वाटाड्याचा धंदा मुख्यतः पावसाळ्याचा आहे. दोन महिने बंदी घालाल तर त्यांना काय द्याल?

कातळकडा:
हा मुद्दा मान्य. मग हिर्डीच्या पुढे बंदी, आणि हिर्डीपर्यंतही वाटेतले ओढे गावकऱ्यांनी त्या सकाळी पाहून ठरवल्यावरच. दुपारी बारापर्यंत हिर्डी गाठली नाही तर आहात तिथून परत. गाडी पिंप्रीतच असते, त्यामुळे भिऱ्याहून परतण्याची सोय शोधण्याचा तापही वाचतो. "नाही" म्हणण्याचा अधिकार गावाचा, पुण्याहून गट घेऊन येणाऱ्या आयोजकाचा नाही.

घाटवाट:
हिर्डीच्या पुढे सरसकट बंदी मला अजूनही पटत नाही. "नाही" गावाने म्हणायचं, हे मात्र लेखी नियमात यायला हवं, आणि नाही म्हटलं त्या दिवशीही वाटाड्याची ठरलेली रक्कम आयोजकाने द्यायला हवी. नाहीतर रोजंदारी बुडते म्हणून तो हो म्हणेल.