पोर्ट्रेट आणि फोटो एडिटिंगचं दोन दिवसांचं वर्कशॉप: साडेसात हजार भरावेत का?

बार्शीची_लेक

नमस्कार मंडळी. बार्शीत आमचा छोटा स्टुडिओ आहे, बाबांनी सुरू केलेला, आता मी आणि बाबा मिळून बघतो. पासपोर्ट, शाळेची आयकार्डं, मुंज, साखरपुडा, लग्नाची ऑर्डर आली तर दोन पोरं सोबत घेऊन जायचं, असं काम. कॅमेरा कॅनन १५००डी, किट लेन्स आणि एक ५० एमएम १.८, शिवाय दोन स्टुडिओ लाइट नि एक छत्री.

पुण्यात दोन दिवसांचं वर्कशॉप आहे, पहिला दिवस पोर्ट्रेट शूट आणि दुसरा दिवस एडिटिंग, फी ७५००, राहायचं जेवायचं आपलं आपण. आमच्यासाठी ही रक्कम थोडी नाही, लग्नसराई संपलीय, म्हणून आधी इथे विचारतेय.

माझ्या दोन अडचणी आहेत. एक, माझे फोटो सपाट येतात आणि माणूस खुर्चीत बसला की लाकडासारखा ताठ होतो. दुसरी एडिटिंगची, आणि ती जास्त मनाला लागलेली आहे. मागच्या महिन्यात एक मुलगी आईबरोबर स्थळासाठी फोटो काढायला आली, छान सावळी, डोळे फार बोलके. आई माझ्या शेजारी खुर्ची घेऊन बसली आणि अजून उजळ करा, अजून करा असं म्हणत राहिली आणि मी स्लायडर ओढत गेले. शेवटी मुलगी स्क्रीनकडे बघून म्हणाली, "ही मी नाहीच." पैसे देऊन गेल्या त्या, पण मला तेव्हापासून ते काही डोक्यातून जात नाहीये. गिऱ्हाइकाला नाही म्हणायची आमची ऐपत नाही, पण असं करायचीही इच्छा नाही. वर्कशॉपमध्ये हे शिकवतात का? की यूट्यूबवर भागेल?

नाशिक_क्लिक

ताई, मी आतापर्यंत दोन वर्कशॉप केलीत, एकात पैसे पाण्यात गेले आणि एकानं माझं काम बदललं, त्यामुळे दोन्ही सांगतो.

पहिल्यात २५ जण होतो आणि मॉडेल एक. लाइट त्यांनीच लावून ठेवलेले, सेटिंगही त्यांनीच फळ्यावर लिहून दिलेलं, आपण रांगेत जाऊन बटण दाबायचं. घरी आलो तेव्हा फोटो भारी होते पण तो लाइट तिथेच का ठेवला हे मला सांगता येत नव्हतं, म्हणजे परत तसा फोटो काढता येणार नव्हता.

दुसऱ्यात ८ जण होतो आणि पहिले तीन तास फक्त एक खिडकी, एक स्टूल आणि उजेड परतवायला थर्माकोलची शीट. एकमेकांनाच बसवायचं. माणूस खिडकीला समोरासमोर बसवला की चेहरा सपाट, जरा तिरका केला की नाकाची सावली पडायला लागते, अजून फिरवला की सावलीतल्या गालावर उजेडाचा छोटा त्रिकोण उरतो, त्यालाच रेम्ब्रँट लाइट म्हणतात. हे वाचून मला माहीत होतं पण स्वतः स्टुलावर बसून गालावर उजेड सरकताना जाणवला तेव्हा कळलं.

म्हणून पैसे भरायच्या आधी फोन करून विचारा: किती जण आहेत, लाइट आपल्याला स्वतः लावू देणार का, आणि एडिटिंगच्या दिवशी आपले आदल्या दिवशीचे फोटो घेऊन काम करायचं की त्यांच्या तयार फाइलींवर. शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. मॉडेलचे फोटो आपण कुठे टाकू शकतो याची लेखी परवानगी असते का तेही विचारा.

तुमच्या सपाट चेहऱ्याचं उत्तर त्या खिडकीतच आहे, उजेड तिरका घ्या. आणि अजून एक, मला वाटतं जागा लहान आहे म्हणून तुम्ही किट लेन्स १८-२४ वर ठेवून जवळून काढत असाल? त्यानं नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसतात. हा दोष लेन्सचा नाही, अंतराचा आहे. दीड-दोन मीटर मागे या, ५० लावा, तुमच्या कॅमेऱ्यावर ती ८० सारखी चालते, चेहऱ्याला अगदी योग्य. फक्त अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचं उघडं भोक, १.८ वर ठेवू नका, दीड मीटरवरून फोकसची खोली जेमतेम सहा सेंटिमीटर मिळते, जवळच्या डोळ्यावर फोकस आणि कान गायब. ४ वर ठेवा.

लेयर_मास्क

मी डोंबिवलीत राहतो, रिटचिंग हाच माझा धंदा आहे, त्यामुळे दुसऱ्या प्रश्नावर लिहितो.

गोरं करायची मागणी मलाही रोज येते. पण माझा अनुभव असा की निम्म्या वेळा गिऱ्हाइकाला रंग नको असतो, त्याला चेहरा काळवंडलेला दिसतोय ही तक्रार असते, आणि ती खरी असते, कारण फोटोच अंडर, म्हणजे कमी उजेडात काढलेला असतो. कॅमेऱ्याचं मीटर समोरचं सगळं मधल्या करड्या रंगाचं आहे असं धरून चालतं. पांढरा फेटा, पांढरा सदरा, मागे पांढरी भिंत असली की त्याला वाटतं उजेड फार आहे, तो एक्स्पोजर खाली ओढतो आणि सावळा चेहरा आणखी गडद होतो. अशा वेळी काढतानाच एक स्टॉप, म्हणजे उजेड दुप्पट, वाढवा किंवा तुमच्या कॅमेऱ्यातल्या पार्शल मीटरिंगने फक्त चेहऱ्यावरून घ्या. काळा पडदा असेल तर उलटं होतं, चेहरा धुतल्यासारखा निघतो, तिथे कमी करा.

रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्यानं टिपलेलं सगळं जसंच्या तसं ठेवणाऱ्या कच्च्या फाइलमध्ये काढा, हे हात जोडून सांगतो. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ छटा असतात, तुमच्या कॅमेऱ्याची रॉ फाइल १४ बिटची आहे म्हणजे १६,३८४. सावळ्या त्वचेतली सगळी गंमत मधल्या आणि गडद छटांमध्ये असते, तीच जेपेगमध्ये ओढाताण केली की राखाडी होते.

मग तो स्लायडर. तुम्ही बहुतेक ऑरेंजचा ल्युमिनन्स, म्हणजे नारिंगी रंगाचा उजळपणा, वाढवत असणार. आपल्या सगळ्यांचीच त्वचा, गोरी काय सावळी काय, नारिंगी रंगातच बसते, त्यामुळे तो वाढवला की चेहरा खडूसारखा होतो आणि गंमत म्हणजे ओठ, कुंकू लाल भागात असल्यामुळे तसेच राहतात आणि मुखवटा घातल्यासारखं दिसतं. त्या मुलीला जे परकं वाटलं ते हेच असावं. त्याऐवजी आधी व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं पांढरंच दिसेल असा रंगांचा तोल, नीट करा, मग सबंध चेहऱ्याला हात न लावता डोळ्यांखाली आणि नाकाच्या बाजूच्या सावल्या डॉज-बर्नने, म्हणजे ब्रशने तेवढाच भाग उजळ-गडद करून, थोड्या उचला. पुटकुळ्या हीलिंगने, म्हणजे डाग बुजवायच्या टूलने, काढा कारण त्या पंधरा दिवसांनी जाणारच आहेत, तीळ ठेवा कारण तो जाणार नाही. स्किन स्मूथची तयार प्लगइन वापरू नका, छिद्रं गेली की माणूस गेला.

मॉनिटरचा ब्राइटनेसही बघा. तो फुल ठेवून एडिट केलं की प्रिंट काळी येते आणि पुन्हा उजळ करा, उजळ करा सुरू होतं. स्क्रीनवर कोरं पांढरं पान उघडा, शेजारी कागद धरा, दोन्ही सारखे पांढरे दिसेपर्यंत ब्राइटनेस उतरवा.

रानफूल_७

सॉफ्टवेअरचे पैसे वाचवायचे असतील तर डार्कटेबल हे एडिटिंग सॉफ्टवेअर फुकट आहे, कॅननचं स्वतःचं डीपीपी पण फुकट मिळतं. शिकायला वेळ लागतो पण रॉवर काम छान होतं.

करवीरकर

पोरी, मी कोल्हापूरचा, ४० वर्षं स्टुडिओ चालवला, आता मुलगा बघतो. तुझं वाचून माझे सुरुवातीचे दिवस आठवले. आमच्याकडे निगेटिव्हवर पेन्सिलनं रिटचिंग करायचे. खालून उजेड येणारं डेस्क असायचं, निगेटिव्हला औषध चोळायचं म्हणजे पेन्सिल धरते, आणि सुरकुती निगेटिव्हवर फिकी दिसते तिथे बारीक टोकानं भरायचं, की प्रिंटवर ती रेघ हलकी व्हायची. माझे गुरू एकच सांगायचे, हलकी कर, पुसू नको, म्हातारीला तिची सुरकुती ठेव. त्यामुळे चेहरा बदलायची हौस मोबाइलनं आणली असं कुणी म्हणालं तर मी मानत नाही, ही मागणी आमच्याही काळात होती आणि हात कुठे थांबवायचा हे तेव्हाही ज्याचं त्यालाच ठरवावं लागायचं.

आता ताठ बसण्याबद्दल. माणूस आला की लगेच खुर्चीत बसवू नको. आधी बाहेर बसव, पाणी दे, कुठलं गाव, पाऊस झाला का, विचार. हसा म्हणू नको. माणूस बोलतो, वाक्य संपतं, आणि पुढचं सुचेपर्यंत क्षणभर गप्प होतो, तो क्षण पकड. हात मोकळे ठेवले तर त्याला काय करावं कळत नाही, त्याची टोपी दे हातात, आजीबाई असेल तर पदर नीट करू दे तिलाच. आणि तू उभी राहून फोटो काढत असशील तर ते सोड, स्टूल घे आणि त्याच्या डोळ्याच्या उंचीला ये.

गौतम राजाध्यक्षांचे फोटो मिळतील तेवढे बघ. ते २०११ साली गेले, पण चेहऱ्यावर मऊ उजेड कसा टाकायचा आणि समोरचा माणूस किती निवांत असायला हवा हे त्यांच्या फोटोंत दिसतं. माझ्या मते वर्कशॉपला जा. आपल्या गावात आपलं काम आपल्याला कुणी चूक म्हणून दाखवत नाही, तिथे दाखवतील.

बार्शीची_लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. जाऊन आले! फोन करून विचारलं, १० जण होते आणि आपलेच फोटो एडिट करायचे होते, म्हणून भरले पैसे.

पहिल्या दिवशी दुपारपर्यंत माझे फोटो खराबच आले. मग सरांनी माझ्या हातातला कॅमेरा काढून घेतला आणि म्हणाले, दहा मिनिटं नुसतं समोर बसून बोला. माझ्यासमोर तिथल्या चहावाल्या मावशी होत्या. गावाकडच्या शेळ्यांचं बोलल्या, मी पण बोलले, नंतर कॅमेरा परत मिळाला आणि पहिला जो क्लिक केला तो दोन दिवसांतला माझा सगळ्यात चांगला फोटो आहे. करवीरकर काका, तुम्ही लिहिलं होतं तेच, पण मला तिथे जाऊनच कळलं. एडिटिंगच्या दिवशी मात्र फ्रिक्वेन्सी सेपरेशनवर, म्हणजे त्वचेचा रंग आणि पोत वेगवेगळे करून सुधारायच्या पद्धतीवर, फार वेळ घालवला, आमच्या कामात ते रोज परवडणार नाही, एका लग्नाचे पाचशे फोटो असतात. व्हाइट बॅलन्स आणि डॉज-बर्न मात्र हाताला बसलं.

परत आल्यावर त्या मुलीला फोन केला, पैसे नको पण एकदा या म्हणून. दुपारी चारला स्टुडिओच्या पुढच्या दारात बसवलं, आत पडदा, दुसऱ्या बाजूला थर्माकोल. आईला बाबांनी चहाला गुंतवून ठेवलं. रंगाला हात लावला नाही, फक्त डोळ्यांखाली थोडं उचललं. मुलीनं बराच वेळ बघितला आणि मोबाइलवर पाठवा म्हणाली. आईने दोन्ही प्रिंट नेल्या, नवी आणि जुनी. स्थळाला कुठली पाठवणार ते मी विचारलं नाही.

लेयर_मास्क दादा, एक विचारायचंय. रविवारी हळद आहे, अंगणात पिवळा-गुलाबी मांडव, दुपारचं ऊन कापडातून येतं आणि सगळ्यांचे चेहरे गुलाबी होतात. रॉमध्ये काढलं तर एडिटिंगमध्ये निघेल का?

लेयर_मास्क

एकाच रंगाचं कापड असेल तर व्हाइट बॅलन्सने बरंच निघेल, त्याच मांडवाखाली ग्रे कार्ड (करड्या रंगाचा पुठ्ठा) किंवा साधा पांढरा कागद धरून एक फोटो घेऊन ठेव. पण पिवळा आणि गुलाबी पट्टा असेल तर अर्धा चेहरा एका रंगाचा आणि अर्धा दुसऱ्या, ते प्रत्येक फोटोत मास्क लावून, म्हणजे चेहऱ्याचा तेवढाच भाग निवडून, करावं लागेल, पाचशे फोटोंत शक्य नाही. विधी जिथे आहेत तिथे होऊ देत, पण नवरीचे एकटीचे फोटो हळद लागायच्या आधीच घराच्या ओट्यावर सावलीत काढून घे, मागे भिंत चुन्याची असेल तर उत्तम. आणि त्या चहावाल्या मावशींचा फोटो त्यांची हरकत नसेल तर इथे टाक, बघायचाय.