टोटल कोलेस्टेरॉल नव्हे, नॉन-एचडीएल बघा

तुमच्या वडिलांची अँजिओप्लास्टी झालेली आहे आणि टोटल कोलेस्टेरॉल १९० आलंय, २०० च्या आत, म्हणून त्यांची स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी) बंद केली असं तुम्ही लिहिलंय. घाई झाली. त्यांचं एचडीएल ('चांगलं' कोलेस्टेरॉल) ३२ आहे. टोटलमधून ते वजा करा : १५८. हे नॉन-एचडीएल, म्हणजे धमन्यांत साचू शकणारं सगळं कोलेस्टेरॉल. कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे अशा रुग्णात ते ८५ च्या खाली हवं, आणि एलडीएल ('वाईट' कोलेस्टेरॉल) ५५ च्या खाली. लॅबच्या कागदावरची 'नॉर्मल' रेंज त्यांच्यासाठी नाहीच. शिवाय आकडा खाली होता तो गोळीमुळे. बंद केली की काही आठवड्यांत परत चढतो. उद्याच त्यांच्या डॉक्टरांना फोन करा.

त्यांचे ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) २४० आहेत त्याला तूप एकटं जबाबदार नाही. भाताचा डोंगर, दिवसभराचा साखरेचा चहा, (असेल तर) दारू, आणि शुगर ताब्यात नसणं, हे आधी तपासा. तेलाच्या पिशवीवरच्या 'कोलेस्टेरॉल-फ्री'ला तर काही अर्थच नाही, कुठल्याच वनस्पती तेलात ते नसतं.

तुमची स्वतःची लायपोप्रोटीन (ए) तपासणी एकदा करून घ्या; हा एलडीएलसारखाच, धमन्यांत साचू शकणारा कण. त्याचं प्रमाण बहुतांशी आनुवंशिक असतं.