दोष फक्त लाइनचा नाही
2024 मध्ये मिशिगन विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाचं आक्रमण लाइनमुळे, म्हणजे प्रतिस्पर्ध्यांना अडवणाऱ्या पुढच्या फळीमुळे कोलमडलं, असं काही जण म्हणतात. मला ते अर्धंच पटतं. क्वार्टरबॅक (पास फेकणारा मुख्य खेळाडू) मॅकार्थी गेल्यावर त्याच्या जागी वॉरन, ऑर्जी, टटल असे तिघे खेळवून पाहिले, एकाचाही जम बसला नाही. युएससीला (सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाला) आपण 27-24 हरवलं, पण ऑर्जीचे पासिंगचे, म्हणजे चेंडू फेकून मिळवलेले यार्ड किती? अवघे 32! चेंडू घेऊन धावणारा मलिंग्ज गर्दीतून निसटून 63 यार्ड पळाला म्हणून तरलो. पास येणारच नाही हे कळलं की बचावफळी पुढे दाटी करते. मग लाइन तरी काय करणार? लव्हलंडसारखा टाइट एंड (अडवणारा आणि पासही झेलणारा खेळाडू) असून ही गत! म्हणूनच 2025 मध्ये नवा क्वार्टरबॅक अंडरवूडला पहिल्याच वर्षी उतरवलं ते योग्यच झालं. चुका होतील, होऊ देत. लांब फेकणारा हात समोर असला की सेफ्टीला (बचावातल्या सर्वांत मागच्या खेळाडूला) मागे थांबावंच लागतं.