मदत हवी आहे: सिंगापूर, पीएसएलईला २१ आले, चायनीज कच्चं. ग्रुप २ भरू की ३?

नमस्कार मंडळी, सिंगापूरमधल्या कुणी हा धागा वाचला तर प्लीज उत्तर द्या, शाळांचे चॉइस भरायला मोजकेच दिवस आहेत आणि घरात रोज रात्री तोच विषय चाललाय.

मुलाचा पीएसएलईचा, म्हणजे इथल्या सहावीच्या शेवटी होणाऱ्या परीक्षेचा, निकाल लागला. मॅथ्स ३, सायन्स ५, इंग्लिश ६ आणि चायनीज ७, एकूण २१. (बाहेरच्यांसाठी सांगते, इथे प्रत्येक विषयाला १ ते ८ अशी लेव्हल असते, १ सगळ्यात चांगली, आणि चारही विषयांची बेरीज करतात.) पोस्टिंग ग्रुप म्हणजे सेकंडरी शाळेत विषय कोणत्या लेव्हलपासून सुरू करायचे ते, ३ सगळ्यात वरचा; २१ आणि २२ वाल्यांना २ की ३ हे स्वतः ठरवायचं असतं, तिथेच आमचं अडलंय.

आता चायनीज का घेतलं ते सांगते कारण सगळे आधी तेच विचारतात. मराठी इथल्या शाळेत मदर टंग म्हणून नाहीच. तमिळ आहे, नाहीतर हिंदी, गुजराती, बंगाली, पंजाबी, उर्दू. तो बालवाडीत अर्धा दिवस मँडरिन बोलायचा, शेजारच्या चिनी आजींशी तर अजूनही तासभर गप्पा मारतो, म्हणून पहिलीतच शाळेला विनंती करून चायनीज घेतलं. बोलणं आजही छान आहे. पण लिहिणं... दर आठवड्याला तिंगश्ये असायची, म्हणजे बाई शब्द सांगणार आणि मुलांनी अक्षरं लिहायची, आदल्या रात्री एकेक अक्षर वीस वीसदा गिरवायचा आणि सकाळी अर्धी विसरलेला असायचा. घरात वाचून दाखवणारं कुणीच नाही, आम्हा दोघांना एक अक्षर कळत नाही, ट्यूशन लावली तरी पाचवीपासून गाडी मागेच पडत गेली. त्याला रडताना पाहिलंय मी, आणि निर्णय आमचा होता हे मनातून जात नाही.

हात मात्र चांगला चालतो त्याचा. बंद पडलेला पंखा उघडून नीट करतो, सोल्डरिंग स्वतः शिकलाय. त्याला पॉलीलाच, म्हणजे पॉलिटेक्निकला जायचंय, इलेक्ट्रॉनिक्सला. ह्यांनी स्वतः कराडच्या गव्हर्मेंट पॉलिटेक्निकमधून डिप्लोमा केला आणि मग डायरेक्ट सेकंड इयर इंजिनिअरिंग, त्यामुळे त्यांना हा रस्ता पटतो, पण ग्रुप २ म्हटलं की तेही गप्प होतात. गावाकडून फोन येतो तेव्हा मी अजून स्कोअर सांगितलेला नाही.

माझे प्रश्न: ग्रुप २ घेतला तर पॉलीचा रस्ता बंद होतो का? आणि चायनीजचं ओझं कमी कसं करायचं?

प्रतिसाद १
ताई, आधी शांत व्हा. माझी मुलगी सेकंडरीच्या २०२४ च्या बॅचची, म्हणजे एक्सप्रेस आणि नॉर्मल हे मार्कांवरून पाडलेले वेगवेगळे स्ट्रीम बंद झाल्यानंतरची पहिलीच बॅच, आणि ती ग्रुप २ मधूनच सेकंडरीत गेली. ग्रुप म्हणजे फक्त सुरुवात कुठून ते. ज्या विषयात ५ किंवा त्याहून चांगलं आहे तो सेक वनपासूनच (सेकंडरीचं पहिलं वर्ष) जी३ लेव्हलला, म्हणजे सगळ्यात वरच्या लेव्हलला, घेता येतो, म्हणजे तुमच्या मुलाचं मॅथ्स आणि सायन्स दोन्ही. डिझाइन अँड टेक्नॉलॉजी, आर्ट, पीई ह्याला सगळ्या ग्रुपची मुलं एकाच वर्गात असतात, त्याला डी अँड टी नक्की आवडेल. पॉलीला इंग्लिश, कोर्सशी संबंधित दोन विषय आणि बाकीच्यातले चांगले दोन धरतात, चायनीज कमी आलं तर ते मोजण्यात येणारच नाही. इंग्लिशवर मात्र आत्तापासून लक्ष द्या, ते पुढे जी३ ला कधी नेता येईल हे ओपन हाउसला विचाराच. चायनीजचा बी सिलॅबस पण असतो, जरा सोपा, त्याचंही तिथेच विचारा.

प्रतिसाद २
मी इथे मशीन मेंटेनन्समध्ये आहे. आमच्याकडचे कितीतरी चांगले टेक्निशियन आयटीईमधून (आपल्या आयटीआयसारखी इथली संस्था) आलेत, काही तिथलाच हायर नायटेक हा कोर्स करून पुढे पॉलीला गेले. जुने कारागीर आपसात मँडरिन नाहीतर होक्कियन ह्या दुसऱ्या चिनी बोलीतच बोलतात, काम शिकवतानाही. तुमच्या मुलाला ते कळेल, मला दहा वर्षांनी पण कळत नाही. परीक्षेत ७ आले म्हणून त्याचं बोलणं सोडवू नका.

धागाकर्ती
दोघांचे मनापासून आभार. प्रतिसाद २ त्याला वाचून दाखवला, मराठी वाचता येत नाही त्याला, दोनदा वाचायला लावला. शनिवारी दोन शाळांच्या ओपन हाउसला जातोय. ज्या शाळेत वर्कशॉप चांगलं आहे ती घरापासून बसने पाऊण तास आहे, इतक्या लांब कुणाची मुलं रोज जातात का? सेक वनच्या मुलाला झेपतं का?