मदत हवी आहे: बोलिव्हियन बेगोनियाच्या फांद्या आपोआप सुटून पडतायत

अनुजा_के | १४ ऑक्टोबर
टांगत्या कुंडीतला बेगोनिया बोलिव्हिएन्सिस आहे, नारिंगी-लाल लांबट फुलांचा. आधी पानं पिवळी पडली. आता फांदीला नुसता हात लागला तरी पेरापाशी अलगद सुटून खाली येते. सुटलेली जागा स्वच्छ आहे, काळी नाही. कळ्या न उमलताच गळतायत. पाणी वाढवून बघितलं, खत दिलं, फरक शून्य. कुठलं बुरशीनाशक मारू? किती प्रमाणात? लवकर सांगा.

बागुलबुवा
ऑक्टोबर हीट, दुसरं काही नाही. अँडीजच्या थंड ओलसर डोंगरउतारांवरचं झाड आहे हे. पारा ३२च्या वर गेला की पहिल्यांदा कळ्या टाकतं, मग पानं. पूर्वेच्या गॅलरीत हलवा, सकाळचं तास-दोन तास ऊन पुरे, नंतर ५० टक्क्यांची शेडनेट. बुरशीनाशक नको, ट्रायकोडर्माची (उपयोगी बुरशीची पूड) पाण्यात कालवून मुळाशी आळवणी करा, लिटरला ५ ग्रॅम.

कातळफूल
बागुलबुवा, ताईंनी गाव कुठं सांगितलंय?
अनुजा, आधी हे सांगा: राहता कुठे? कुंडी घरात की बाहेर? आत्ता रात्रीचं तापमान किती? माती ओली आहे की चिखल झालाय? पानांच्या कडा कुरतडलेल्या आहेत का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, कंद टणक आहे का? फोटो टाका.

अनुजा_के
लीड्स, इंग्लंड. कुंडी मेअखेरपासून मागच्या अंगणात होती. रात्री ४ अंशांपर्यंत खाली यायला लागलं म्हणून हॉलमध्ये आणून टांगली, हीटिंग चालू असतं. माती ओली आहे, सांगितलं ना पाणी वाढवलंय. फोटो अपलोड होत नाहीये. कंदाचं काय? तो कसा बघायचा?

पेरूवाटिका
मग कसलंच औषध मारू नका. झाड मरत नाहीये, झोपायला निघालंय.

हा कंदवर्गीय बेगोनिया. मूळचा बोलिव्हिया आणि वायव्य अर्जेंटिनाचा. अँडीजच्या पूर्व उताराला युंगास म्हणतात, ढगांनी वेढलेली ओली जंगलं, तिथे कड्यांच्या कपारींत आणि पाझरत्या खडकांवर तो लटकलेला असतो. तिकडे पाऊस साधारण नोव्हेंबर ते मार्च, मग कोरडा थंड हिवाळा. त्या हिवाळ्यात वरचं सगळं टाकून तो नुसत्या कंदावर राहतो. झोपायची खूण त्याला मिळते ती दिवसाच्या लांबीवरून: दिवस १२ तासांच्या खाली गेला की नवी वाढ थांबते आणि सगळा माल खाली कंदात जातो. लीड्सला जूनमध्ये १७ तास उजेड असतो, आत्ता पावणेअकराच्या आसपास. वेळापत्रकाप्रमाणे चाललंय.

फांदी पेरापाशी स्वच्छ सुटते ही त्याचीच खूण. झाड स्वतःच तिथे पेशींचा थर तयार करून ती सोडून देतं. कुजून पडणारी फांदी अशी सुटत नाही. ती आधी पाणचट होते, तपकिरी पडते, वास मारते.

आजपासून पाणी बंद. खत बंद. हीटिंगमधून बाहेर काढा.

बागुलबुवा
बोलिव्हियाचा हिवाळा मे ते ऑगस्ट. मग हा ऑक्टोबरात कसा झोपेल? काहीतरी बोलायचं.
आणि झोपवायचाच कशाला? १४ तास ग्रो लाइट लावा, डिसेंबरपर्यंत फुलं घ्या.

पेरूवाटिका
झाड बोलिव्हियाचं पंचांग बरोबर आणत नाही हो. जिथे लावाल तिथल्या दिवसरात्रीप्रमाणे चालतं. दिव्याखाली वाढ लांबवता येते, मान्य. पण या वर्षी कंद भरला नाही तर पुढच्या वर्षी दोन मरतुकडे कोंब येतील. शिवाय हीटिंगच्या कोरड्या हवेत भुरी (पानांवरची पांढरी बुरशी) हमखास.

चहाबाज
घरात मांजर आहे का? बेगोनियात ऑक्झलेट असतात आणि कंदात सर्वांत जास्त. मांजर-कुत्र्यानं चावलं तर तोंडाची आग, लाळ, उलट्या. गळलेल्या फांद्या फरशीवर पडू देऊ नका.

अनुजा_के
मांजर नाही. कुत्रा नाही.
पेरूवाटिका, झोपलंय हे पटलं, पण मग कंद टणक हवा ना? माती बोटानं बाजूला केली, वरचा भाग टणक आहे, एका कडेला दाबलं तर बोट आत गेलं. हे पण वेळापत्रकाप्रमाणे का?

पेरूवाटिका
नाही. हे वेगळं. झोपेत शिरणाऱ्या झाडाला पाणी वाढवलं की असं होतं: पानं नाहीत, उपसा नाही, मुळं मरायला लागलेली, पाणी तिथेच साचतं.

आजच बाहेर काढा. उरलेल्या फांद्या ओढू नका. ओढली की खुंटाबरोबर कंदाची साल निघते आणि सड तिथूनच शिरते. फांद्या चारेक बोटं ठेवून कात्रीनं कापा, ते खुंट वाळून आपणहून पडतील. मातीचा गड्डा हातानं फोडा, कंद धुवू नका, कोरड्या ब्रशनं माती झाडा. मऊ भाग स्पिरिटनं पुसलेल्या ब्लेडनं कापत जा, आतला गर पांढरट-पिवळसर आणि कोरडा लागेपर्यंत. तपकिरी रेघ दिसतेय तोवर आणखी कापा, दर कापाला ब्लेड पुन्हा पुसा. वरच्या खोलगट बाजूला फांद्यांचे वण आहेत त्यांच्या आसपास डोळे असतात. तिथला निदान एक तुकडा शाबूत राहिला तरी झाड परत येतं.

कातळफूल
थांबा. कडेलाच मऊ, वरून टणक, हे पाण्याचं वाटत नाही. पाण्यानं सडतो तो बहुतेक तळातून किंवा वरच्या खळग्यात पाणी साचून. अनुजा, पानांच्या कडांबद्दल विचारलं होतं, त्याचं उत्तर राहिलं. गड्डा फोडताना खाली वर्तमानपत्र पसरा. बोटाच्या पेरापेक्षा लहान, दुधी रंगाच्या, तपकिरी डोक्याच्या, बिनपायाच्या, वाकड्या होऊन पडलेल्या अळ्या दिसतात का बघा.

अनुजा_के
आहेत!! सातआठ तरी. एक तर कंदाच्या आत बसलीये. ई. पानांच्या कडांना अर्धगोल खाचा आहेत, मला वाटलं गोगलगाय.

कातळफूल
व्हाइन वीव्हिल. आपल्याकडे तांदळात सोंडे होतात त्यांचा लांबचा भाऊबंद. मोठा भुंगा काळपट, रात्री पानांच्या कडा कुरतडतो. ती खाच म्हणजे त्याची सही. यातल्या माद्यांना नर लागत नाही, एकटी मादी हंगामात शेकड्यांनी अंडी घालते. उन्हाळ्यात मातीत अंडी, शरदापासून वसंतापर्यंत अळ्या मुळं आणि कंद खातात. बेगोनिया, प्रिम्युला, सायक्लेमेन, ह्यूकेरा ही त्यांची ठरलेली गिऱ्हाइकं.

आतली अळी टोकदार काडीनं काढा. तिनं पोखरलेला बोगदा चांगल्या गरापर्यंत कापून उघडा करा. बंद बोगदा ठेवलात तर आत ओल राहते आणि हिवाळ्यात कंद आतून जातो.

शेवंती_यूके
नेमॅटोड घाला! अळ्या मारणारे सूक्ष्म कृमी, पाकिटात येतात, पाण्यात कालवून कुंडीत ओतायचे. स्टाइनरनेमा क्राउसेई मागा, माती ५ अंशांच्या वर असली तरी काम करतो. दुसरा प्रकार उबदार मातीतच चालतो, आता उपयोग नाही. कंद काढायची गरजच नाही, कुंडीतच राहू दे. मी दरवर्षी कुंडी आडवी करून शेडमध्ये ठेवते, मार्चमध्ये पाणी सुरू. इतकी उकराउकर कशाला?

कातळफूल
नेमॅटोडना माती दोनेक आठवडे ओली लागते. इथे कंद कोरडा करायचाय, तोही कापलेला. दोन्ही एकदम होणार नाही. या कुंडीत नेमॅटोड म्हणजे पैसे पाण्यात, अक्षरशः. अंगणातल्या बाकीच्या कुंड्यांना मात्र याच आठवड्यात द्या, तिथे अळ्या नक्की असतील.

शेवंती_यूके
कुंडीत ठेवण्याचा मुद्दा खोडला नाहीत. लहान कंद उघडा काढला की फेब्रुवारीपर्यंत सुरकुतून खारीक होतो.

पेरूवाटिका
लहान असेल तर शेवंतीताईंचं बरोबर. पहिल्याच वर्षीचं, बियांवरून आलेलं रोप असेल तर कंद सुपारीएवढाच असतो, तो मातीतच कोरडा केलेला बरा. पण अळ्या असलेली माती ठेवायची नाही, या बाबतीत तडजोड नको. कंद केवढा आहे, अनुजा?

अनुजा_के
लिंबापेक्षा मोठा होता, आता कापून पाऊण राहिलाय. डोळे कुठले ते कळत नाही पण वरची बाजू शाबूत आहे. माती कुठे टाकू? कापलेल्या जागी काय लावू?

बागुलबुवा
दालचिनी पूड. घरात असतेच.

पेरूवाटिका
गंधकाची भुकटी असेल तर पातळ हात, नसेल तर काही नाही. दालचिनीनं फार तर वरची बुरशी रोखली जाईल. खरं काम हवा करते. कंद जाळीवर, कापलेली बाजू वर, १५-१८ अंशांत, उन्हात नाही, तीनचार दिवस. जखमेवर बुचासारखी कोरडी साल धरली की झालं. चिकट लागली तर पुन्हा एक पातळ काप आणि पुन्हा वाळवण.

माती दुसऱ्या कुंडीत किंवा वाफ्यात अजिबात नको. ट्रेमध्ये पातळ पसरून अंगणात ठेवा, तिथले रॉबिन पक्षी अळ्या टिपतात. उरलेली कचऱ्यात. टांगती कुंडी गरम साबणाच्या पाण्यानं घासा.

चहाबाज
अवांतर: तुमचा बोलिव्हिएन्सिस खरंच मूळ जात आहे का? लेबलवर 'सांताक्रूझ', 'बॉनफायर' किंवा 'मिलियन किसेस' असं काही असेल तर ती बागवानी वाणं. मूळ जातीची ओळख: लालसर लोंबत्या फांद्या, भाल्यासारखी दातेरी एकांगी पानं, नर फुलाला चारच पाकळ्या, लांब, अरुंद, नळीसारख्या जवळजवळ मिटलेल्या. हमिंगबर्डसाठी केलेली रचना आहे ती.

कातळफूल
अवांतराला अवांतर: आज बाजारात जे मोठ्या फुलांचे कंदवाले बेगोनिया मिळतात त्या घराण्याची ही एक आजी. वनस्पतिशास्त्रज्ञ द कांदोलनं १८५९ मध्ये नाव दिलं. व्हीच यांच्या रोपवाटिकेसाठी रिचर्ड पिअर्सनं १८६०च्या दशकात जिवंत झाडं इंग्लंडला आणली. तिथल्याच जॉन सीडननं अँडीजमधल्या दुसऱ्या जातीशी संकर केला, तो 'सेडेनी' १८७० मध्ये बाजारात आला. पिअर्स तोवर पनामात वारलाही होता, १८६८ साली.

बागुलबुवा
एवढ्या लांब जायची गरज काय? आपल्या सह्याद्रीत पावसाळ्यात ओल्या कातळावर बेगोनिया क्रेनाटा उगवतोच की. छोटा कंद, गुलाबी-पांढरी फुलं, पाऊस संपला की गायब. पुढच्या जूनमध्ये दोनचार कंद आणून कुंडीत लावणार आहे.

कातळफूल
कंद उपटून आणू नका. एक तर ते कातळावरच्या बोटभर मातीत जगतात, कुंडीच्या खोल ओलीत सडतात. दुसरं, एकदा तो माती-शेवाळाचा थर खरवडला की तिथे परत काही रुजत नाही. हवंच असेल तर वाळलेल्या बोंडातलं बी घ्या. बी धुळीसारखं बारीक, वर माती घालायची नाही, उजेडात, काचेखाली. बोलिव्हिएन्सिसचंही तसंच, २१ ते २४ अंशांत दोनतीन आठवड्यांत रुजतं. फक्त लीड्सला हमिंगबर्ड नाहीत, त्यामुळे परागकण ब्रशनं द्यावे लागतील. मादी फूल ओळखायला मागे तीन पंखांचा फुगवटा बघा.

अनुजा_के
बी नकोय मला. कंद वाळलाय, साल धरलीये. आता कुठे ठेवू? गॅरेज आहे, बिनहीटिंगचं. मार्चमध्ये काय करायचं तेही आत्ताच सांगून ठेवा, नंतर धागा सापडत नाही.

पेरूवाटिका
५ ते १० अंश हवेत. बिनहीटिंगच्या लीड्सच्या गॅरेजमध्ये जानेवारीत शून्याखाली जाऊ शकतं, आणि गोठलेला कंद वितळला की लगदा होतो. गॅरेजच्या घराला लागून असलेल्या भिंतीशी, फरशीवर नाही, फळीवर ठेवा. बाजूला साधा कमाल-किमान थर्मामीटर. २ अंशांच्या खाली जायला लागलं की घरातल्या सर्वांत थंड खोलीत. १५च्या वर राहिला तर अवेळी कोंब काढतो. पुठ्ठ्याचा खोका, कोरडं व्हर्मिक्युलाइट (फुगवलेलं हलकं खनिज), प्लास्टिक पिशवी नको. महिन्यातून एकदा दाबून बघा. नवीन मऊपणा दिसला तर परत ब्लेड.

मार्चच्या मध्यावर बाहेर काढा. खोलगट बाजू वर. ओलसर मातीत अर्धा दाबा, वर जेमतेम झाकण. १८ अंश, भरपूर उजेड. पाणी कडेनं, खळग्यात साठू द्यायचं नाही. तीनचार आठवड्यांत कोंब. ५ सेंटीमीटरचे झाले की कुंडी बदला, नव्या मातीत चौथा हिस्सा पर्लाइट (निचऱ्यासाठीचे हलके पांढरे खडे). कापलेल्या कंदाला कोंब कमी येतील, म्हणून पहिल्या दोन-तीन पानांवर शेंडा खुडा, फांद्या फुटतात. बाहेर मेअखेरीला, तेही आठदहा दिवस दिवसा बाहेर, रात्री आत करून. कळ्या दिसल्यापासून टोमॅटोचं पोटॅशवालं खत, निम्म्या ताकदीचं, आठवड्याला एकदा. नत्र जास्त झालं तर फांद्या ठिसूळ होऊन वाऱ्यानं मोडतात.

शेवंती_यूके
नेमॅटोड ऑगस्टअखेरीला पुन्हा द्या, या कुंडीलाही. तेव्हा माती ओली असेल, कातळफूल यांची हरकत नसावी.

कातळफूल
तेव्हा हरकत अजिबात नाही.

हिरवळ२२
पूर्ण वाचलं नाही, पण पानं पिवळी म्हणजे पाणी कमी पडतंय. रोज सकाळ-संध्याकाळ भरपूर द्या आणि थोडा युरिया.

अनुजा_के
वाचा.